एका गळखोलीच्या तीन फेऱ्या

पिकअप ट्रक घेतला ही चूक नव्हती. चूक ही, की मागे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा असलेला घेतला. गोळा नसेल तर ती नुसती मोठी गाडी असते. गोळा दिसला की आमच्या गावातली माणसं तुमच्याकडे, काहीही जोडावं आणि ओढून न्यावं अशा नजरेनं बघायला लागतात. पहिल्या महिन्यातच मी शेजारच्या क्लिफर्डची होडी ओढली, चर्चची खुर्च्यांनी भरलेली गाडी ओढली आणि ज्याचं नाव मला आजही माहीत नाही अशा एका गृहस्थांची दोन वासरं ओढली. सगळं सरळ पुढे. कारण ट्रेलर जोडून ट्रक मागे घेणं मला येत नाही. मिनेसोटात या एका गोष्टीवरून पुरुषाची किंमत ठरते, आणि बत्तीस वर्षं शाळेत बँड शिकवलेल्या माणसाची किंमत लोकांनी बघायच्या आधीच ठरवून ठेवलेली असते.

फेब्रुवारीच्या अखेरीला एका रात्री जेवताना बोनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. सव्वीस वर्षांच्या संसारात एवढं मला कळलं आहे, की न विचारता दुसऱ्यांदा वाढलं तर पुढे काहीतरी जड वाहायचं असतं.

"या वर्षी बाबांची गळखोली तू आणायची," ती म्हणाली.

गळखोली म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. डिसेंबरात तळं घट्ट गोठलं की ती ओढत बर्फावर न्यायची, चाकं वर घेऊन खाली टेकवायची, आतून बर्फाला भोक पाडायचं आणि शेगडी पेटवून गळ टाकून बसायचं. मासे मिळतात असा एक समज आहे. बहुतेक पुरुष तिथे बायकोपासून मैलभर लांब बसायला मिळतं म्हणून जातात. माझे सासरे हॅल्वर ऑमुंड्सन यांचं मात्र उलटं होतं. त्यांनी ती खोली लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या बरोबरीनं बांधली होती आणि पुढे जवळजवळ पन्नास हिवाळे दोघं तिच्यात समोरासमोर बसली. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. खोली राहिली. गेल्या शरद ऋतूत सासरेबुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, वाहन परवाना काढून घेतला गेला, आणि मार्चच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत जी गळखोली तळ्यावरून हलणार नाही ती तळ्यांची देखरेख करणारं सरकारी खातं जप्त करून मोडून टाकणार, हा नियम काही कुणाच्या मोतीबिंदूसाठी थांबणार नव्हता.

म्हणजे सासूबाईंची उरलेली एकच जागा माझ्या त्या लोखंडी गोळ्यावर लटकलेली होती. आणि माझी अब्रूही. सव्वीस वर्षांत सासरेबुवांनी मला नावानं हाक मारलेली नाही. ते मला "बोनीचा नवरा" म्हणतात. माझ्यामागे नव्हे, माझ्या तोंडावर. "बोनीचा नवरा जरा मीठ सरकवील का?" असं ते माझ्याकडे बघून विचारतात.

बातमी गावभर व्हायला एक सकाळ पुरली. क्लिफर्डकडे स्वतःचे तीन ट्रेलर आणि प्रत्येकाबद्दल सात मतं आहेत. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "मास्तर, सगळा खेळ वजनाचा. दहात एक हिस्सा वजन पुढे गोळ्यावर पाहिजे. कमी पडलं की मागचं धूड डोलायला लागतं, आणि धूड डोललं की ट्रक त्याच्या मागे जातो."

"पण वजन मोजायचं कसं?"

"घरात वजनकाटा असेल की. ट्रेलरचा पुढचा दांडा काट्यावर टेकवायचा. सोपं आहे."

सराव म्हणून आम्ही क्लिफर्डच्याच ट्रेलरचा दांडा बोनीच्या न्हाणीघरातल्या काट्यावर टेकवला. काट्यातून बारीक आवाज आला आणि तो दोनशे अकरा पौंडांवर जो बसला तो बसला. मी तो पुसून जागेवर ठेवला आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोनी त्यावर उभी राहिली. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कोबी शिजला आणि माझ्याशी कुणी बोललं नाही.

मग जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. गळखोलीसारखा घरी बनवलेला ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर नंबरपट्टी हवी, आणि तिची मुदत संपलेली. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"बनवणारी कंपनी?"

"सासरे."

"कोणत्या साली?"

मी फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "ज्या वर्षी लार्सनच्या गोठ्यावर वीज पडली त्या वर्षी." बाईंनी पेन खाली ठेवलं. "तपासणी करावी लागेल. ट्रेलर इथे घेऊन या."

"पण नंबरपट्टीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग इथे कसा आणू?"

"नंबरपट्टी लावून," बाई अत्यंत प्रेमानं म्हणाल्या. आमच्याकडचे लोक नाही म्हणतानाही इतकं गोड बोलतात, की माणूस आभार मानून बाहेर येतो आणि गाडीत बसल्यावर त्याला कळतं की काम झालेलं नाही. मी तीनदा आभार मानून बाहेर आलो. चौथ्या खेपेला त्यांनी कंटाळून दोन दिवसांची तात्पुरती चिठ्ठी दिली.

सोमवार उजाडला. सासरेबुवांची डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेमकी त्याच सकाळची वेळ होती. त्यांना क्लिफर्ड घेऊन जाणार होता. जाताना त्यांनी पत्ता सांगितला: "बोनीच्या नवऱ्याला सांगा, नाक्यावरून सरळ आत, डाव्या हाताची हिरवी."

एल्बो तळ्यावर दाट धुकं होतं. डाव्या हाताला सहा गळखोल्या उरल्या होत्या आणि सहाही हिरव्या होत्या. त्याचं कारण असं, की गावच्या रंगाच्या दुकानानं एका वर्षी बिघडलेला हिरवा रंग अर्ध्या किमतीत काढला होता, आणि अर्ध्या किमतीला नाही म्हणण्याची आमच्या गावची रीत नाही. मालकाचं नाव बाहेर रंगवायचा कायदा आहे, पण नावांवर हातभर बर्फ चिकटलेला. मी सर्वांत जुनाट दिसणारी खोली निवडली. दांडा गोळ्यावर बसवला, साखळ्या अडकवल्या, हँडल फिरवून चाकं खाली घेतली. कुऱ्हाडीनं बर्फ फोडताना नखं गेली, पण खोली सुटली. दीड टनाचं धूड मागे घेऊन मी चौदा मैल आलो, डोलू दिलं नाही, आणि माझ्या दारात सरळ पुढे घालून उभं केलं. आयुष्यात कॉन्सर्टनंतर सुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

बोनी वडिलांचं कॉफीचं भांडं धुवायला म्हणून खोलीत गेली आणि दारातच थबकली.

आत बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. टोपी गुडघ्यावर, गळ नीट गुंडाळून मांडीवर.

"नमस्कार," ते म्हणाले. "हवा तशी बरी आहे आज."

त्यांचं नाव डेल्मर फिक. गळखोली त्यांची होती. 

"अहो, पण तुम्ही ओरडला का नाहीत?"

"हुक लावल्याचा आवाज आला तेव्हा वाटलं होतं विचारावं," डेल्मर म्हणाले. "पण तुम्ही इतकी मेहनत करत होतात. म्हटलं, यांचं काहीतरी कारण असेल."

"चौदा मैल?"

"सिग्नलला उतरणार होतो. पण मागे दुधाची गाडी होती, तिला उगाच खोळंबा झाला असता. एक मासा लागला होता, तेवढा सोडून दिला. तुम्हाला उशीर नको."

या माणसाला मी पळवून आणलं होतं आणि तो माझी माफी मागत होता. मीही मागत होतो. बोनीही मागायला लागली. माफ्यांची ही फेरी पाव तास चालली. मग बोनीनं जेवायचा आग्रह केला. त्यांनी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर "अगदीच थोडं" म्हणून बसले आणि हॉटडिश नावाचा बटाट्याचा भाजलेला पदार्थ तीनदा घेतला. आमच्याकडे पहिल्या दोन नकारांना कुणी नकार धरत नाही.

जेवता जेवता खरी अडचण कळली. मी म्हटलं, "एका अर्थी बरंच झालं. तुमची खोली तळ्यावरून निघाली. आता थेट तुमच्या घरी पोचवतो."

डेल्मरांनी काटा खाली ठेवला. "डॅरेल येणार आहे चार वाजता. मुलगा माझा. फार्गोहून, खास खोली न्यायला. नवा ट्रक घेतलाय त्यानं."

"मग त्याला फोन करून सांगू या, की काम झालं."

 बोनी माझ्याकडे, मी चर्चमध्ये शिट्टी वाजवल्यासारखी बघायला लागली.

"त्याला काय वाटेल?" डेल्मर हळूच म्हणाले. "बापानं भरवसा ठेवला नाही, असंच ना? तीन वर्षांनी येतोय."

तेवढ्यात क्लिफर्ड सासरेबुवांना घेऊन आला. एका डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी उरलेल्या डोळ्यानं परकी खोली पाहिली, परका माणूस पाहिला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हं. परत ठेवावी लागेल."

क्लिफर्डनं मान हलवली. बोनीनं मान हलवली. आता वाचकहो, खरं सांगतो, मीही हलवली. बर्फावरून सुखरूप काढलेली दीड टनाची खोली, एका माणसाला ती काढल्याचं समाधान मिळावं म्हणून पुन्हा बर्फावर नेऊन ठेवायची, यात काही खुळेपणा आहे असं त्या स्वयंपाकघरात कुणालाही वाटलं नाही. निघायला मात्र पाऊण तास लागला, कारण डेल्मर "निघतो हं" म्हणाले तेव्हा खुर्चीत होते, मग दारात हवेवर बोलले, मग पायरीवर बोनीच्या पाककृतीवर, आणि शेवटी ट्रकची काच खाली करून पुन्हा हवेवर.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, काठचा बर्फ मऊ झाला होता आणि शेवटचा दिवस म्हणून गावातली पंधरावीस माणसं घडीच्या खुर्च्या टाकून, हातात कॉफी घेऊन गंमत बघायला बसली होती. दुसऱ्यांचे ट्रेलर बघणं ही आमच्याकडे करमणूकच आहे, आणि तिला तिकीट नाही.

"नुसती ठेवून चालणार नाही," क्लिफर्ड म्हणाला. "जुन्या खुणांवरच बसली पाहिजे. भोकावर भोक. नाहीतर पोराला कळेल."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे घ्यायची, मास्तर."

पुढचा दीड तास मी थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगण्यात माझं काही हित नाही. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे वळवायचं, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि हाताला कळणं यांत काय फरक असतो, हे मी स्वतःच बत्तीस वर्षं मुलांना ओरडून सांगितलं होतं. सासरेबुवा मागे उभे राहून, एका डोळ्यानं अंदाज घेत, दोन्ही हात हवेत फिरवत होते. ते काय सांगत होते ते मला कळत नव्हतं. समोरच्या माणसाचे हातवारे बघून ट्रॉम्बोनवाल्या मुलांना काय वाटत असेल, ते मात्र त्या दिवशी कळलं.

"डावीकडे! अरे, माझ्या डावीकडे!"

"चाकाच्या खालच्या बाजूला हात धर, मास्तर!"

"नको, वरच्याच बाजूला! खालून धरलं की माणूस गोंधळतो!"

"आठवी खेप! पाचवीत सूर लागला होता, पुन्हा गेला!"

नवव्या खेपेला खोली ट्रकशी काटकोनात आली आणि मागचा दिवा गेला. दहाव्या खेपेला मी एक रिकामी खुर्ची चिरडली. ती रिकामी होती हे मी तिच्या मालकाला पुन्हा पुन्हा सांगितलं. बाराव्या खेपेला खोली आपल्या जुन्या खुणांवर टेकली. मी आनंदानं उतरलो आणि एकानं विचारलं, "हे ठीक, पण दार मघाशी पूर्वेला होतं ना?" त्याच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही, आणि मीही दिलं नाही.

चारला वीस मिनिटं होती. सासरेबुवांची खोली पन्नास पावलांवर, आणि आता तळ्यावर त्या दोनच उरल्या होत्या. मी तिची चाकं मोकळी केली, दांडा गोळ्यावर चढवला. तोवर खात्याची मार्लिस चालत आली. ही माझीच विद्यार्थिनी, क्लॅरिनेट वाजवायची. हातात बर्फाची जाडी मोजायची काठी होती.

"सर, सकाळी तुम्ही एक जड खोली काढलीत ना?"

"काढली."

"मग तीच परत आणलीत?"

"आणली."

 का, असं तिनं विचारलं नाही. तीही इथलीच. "काठचा बर्फ तडकलाय, सर. तुमच्या ये-जा करण्यानं. आता भरल्या गाडीची एकच फेरी सोडते. एकच. मग साखळी लावणार. रिकाम्या गाड्यांना आणि चालत्या माणसांना हरकत नाही."

"पण दोन खोल्या आहेत!"

"म्हणून तर वाईट वाटतंय," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं.

मी घाईनं साखळ्या अडकवायला लागलो. आपली खोली आपण आधी जोडली होती, आपला हक्क पहिला, डॅरेलनं आपल्या नव्या ट्रकचं काय ते बघावं, असं मी मनात म्हणत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. सासूबाईंची खोली होती ती. आणि तेवढ्यात डेल्मरांचा फोन वाजला.

बर्फावर आवाज फार लांब जातो. ऐकायचं नसतानाही सगळ्यांनी ऐकलं.

"हो... हो का? नाही नाही, बाळा, अजिबात नाही. काम महत्त्वाचं... तू निघालाच नव्हतास का? बरं झालं, उगाच फेरा पडला असता. नाही रे, इथे खूप लोक आहेत मदतीला. काही काळजी करू नकोस."

त्यांनी फोन खिशात ठेवला. आमच्याकडे बघून हसले, हवा बरी आहे म्हणाले, आपल्या गळखोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.  क्लिफर्डकडे सुद्धा सल्ला नव्हता.

सासरेबुवांनी त्या बंद दाराकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आले. मी शेवटची साखळी अडकवत होतो.

"सोड ती."

"बाबा?"

"सोड. त्याची जोड."

"बाबा, एकच फेरी आहे! सहानंतर खातं ही मोडून टाकेल. आईंची खोली आहे ही!"

"माहीत आहे कुणाची आहे. आम्ही दोघांनी बांधली." त्यांनी खोलीच्या भिंतीवर हात ठेवला, नीट, तळवा पसरून. "मोडायची तर आपणच मोडू. फळ्या हातानं नेता येतात. फळ्यांना मार्लिसची हरकत नाही."

"आणि त्याची का नाही मोडायची? माझ्यामुळे झालं हे सगळं. त्यांची मोडू, तुमची ओढू."

त्यांनी आपला एक डोळा माझ्यावर रोखला.

"त्याच्याकडे परत बांधायला कोण आहे?" ते म्हणाले. "त्याचा आला नाही. माझा आलाय."

एवढं बोलून ते पहार आणायला गेले.

 आमच्याकडे असल्या वाक्याला उत्तर द्यायची पद्धत नाही. मी खाली वाकलो आणि टायरमधली हवा तपासली. चांगली होती. दुसऱ्या टायरची तपासली. मग ट्रकच्या चारही टायरांची तपासली, नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सव्वीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट मिळाली की माणूस असा वेड्यासारखा बर्फावर टायर दाबत बसतो.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. गंमत बघायला आलेले सगळे उठले होते, आणि कुणी पहार, कुणी हातोडा, कुणी ढकलगाडी घेऊन हिरव्या खोलीकडे निघाले होते. "खिळे सरळ काढा रे," क्लिफर्ड ओरडत होता, "वाकडे करू नका, हे पुन्हा लागणार आहेत!"

मी डेल्मरांच्या दारावर टकटक केली आणि म्हटलं, की पुढे ट्रकमध्ये येऊन बसा. ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं, ते पुन्हा नाही म्हणाले. मी तिसऱ्यांदा विचारलं.